भावजींचा फॉन्ट आणि ताईची खोली

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रस्त्याने सरळ चालत नाहीत. पायाला काही झालेलं नाही, पाय चांगले धडधाकट आहेत. पण दहा पावलांवर एखाद्या दुकानाची पाटी येते, आणि पाटी आली की भावजी थांबलेच. मान मागे टाकायची, डोळे बारीक करायचे आणि तोंडाने ‘च्च, च्च’ करायचं. "काय ही वेलांटी! काय हा काना! कुठल्या गाढवाने निवडला असेल हा फॉन्ट?" मागून येणारा माणूस त्यांच्या पाठीवर आदळतो. त्याच्याकडे ते असं बघतात, जणू ती पाटी त्यानेच रंगवलीय. ताई तोवर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभी असते. लग्न झाल्यापासून ती अशी कोपऱ्याकोपऱ्यावर उभीच आहे.

पाट्यांना, पत्रकांना, कार्डांना अक्षराचं वळण निवडून देणं हा त्यांचा धंदा. दारावर ‘ग्राफिक डिझाइन’ असं लिहिलंय. लिहिलंय हे मी सांगते म्हणून मानायचं, कारण ते राखाडी रंगात आणि केसाएवढ्या बारीक अक्षरात आहे, आणि पोस्टमन अजून शेजारच्यांचं दार ठोठावतो. चित्रं काढायची तर ती दुसरा काढतो. छापतो तिसरा. मजकूर टाइप मी करते, चुका मी काढते, गिऱ्हाइकांचे फोन मी घेते. भावजी फक्त फॉन्ट निवडतात. आणि त्याला त्यांना चार-चार दिवस लागतात! त्या चार दिवसांत त्यांच्याशी बोलायचं नाही, पंखा जोरात लावायचा नाही, आणि चहा हवा का असं विचारायचं नाही, आपणच गुपचूप आणून ठेवायचा. मी त्यांना मनातल्या मनात सम्राट म्हणते. मोठ्याने म्हणायची सोय नाही. नोकरी त्यांची, आणि तीसुद्धा ताईने भांडून मिळवून दिलेली.

त्याचं असं झालं की मी आधी एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. पंधरा वर्षं तपासली. मग छापखाना बंद पडला, आणि त्याच वर्षी माझा संसारही आटोपला. मी घरी बसून भिंतीकडे बघायचे. ताईने भावजींशी आठवडाभर अबोला धरला, तेव्हा कुठे मला त्यांच्या ऑफिसात एक खुर्ची मिळाली. माझी समजूत अशी की ताईला माझी कीव आली. धाकटी बहीण, एकटी पडलेली, कुठेतरी चिकटवून द्यायला हवी, एवढंच. ही समजूत मनात घेऊन मी सहा वर्षं त्या खुर्चीत बसले आणि सम्राटांचा राग राग केला.

ऑफिस ताईच्या घरातच होतं. खरी रड ती तिथलीच. घर तीन खोल्यांचं. समोरची खोली मोठी, तिला दोन खिडक्या, सकाळपासून दुपारपर्यंत लख्ख उजेड. मधली खोली अंधारी, तिची एकुलती एक खिडकी जिन्यात उघडते. मागे स्वयंपाकघर. भावजींनी पहिली नोकरी सोडली तेव्हा "सहा महिन्यांपुरतं" असं म्हणत समोरच्या खोलीत एक टेबल आणलं. मग दुसरं टेबल आलं, मग मोठा पडदा असलेला कॉम्प्युटर, मग कागदांची कपाटं. सहा महिन्यांची बारा वर्षं झाली. ताई शिवणकाम करते. तिचं मशीन फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या फटीत, डोक्यावर दिवसभर बल्ब जळतो. माप द्यायला आलेल्या बायका कपडे बदलायला न्हाणीघरात जातात आणि ओल्या पायांनी बाहेर येतात. भाची अभ्यास करते ती मधल्या खोलीत, कपड्यांच्या ढिगात पाट मांडून. ताईने आयुष्यात दागिना मागितला नाही, सहल मागितली नाही. तिचं एकच मागणं होतं. "माझी खोली मला परत द्या. खिडकीशी मशीन लावून बसेन, मला दुसरं काही नको."

भावजी म्हणायचे, "मोठं काम येऊ दे. चौकात गाळा घेऊ. मग खोली तुझीच आहे." आणि लगेच खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे, कारण उजेड पडला की त्यांना कॉम्प्युटरवरचा राखाडी रंग नीट दिसायचा नाही.

आता त्यांची फॉन्ट निवडायची पद्धत सांगते, म्हणजे तुम्हालाही चार घटका करमणूक. समजा, गिऱ्हाईक आलं. त्याला काय छापायचंय, कोण वाचणार, लांबून वाचणार की हातात धरून, म्हातारी माणसं की शाळकरी पोरं, असलं काहीही विचारायचं नाही. ते भावजींच्या मते दुकानदारी. भावजी कॉम्प्युटर उघडतात आणि एकामागून एक फॉन्ट लावून बघतात. कशावर बघतात? स्वतःच्या नावावर! स्वतःचं नाव, आडनावासकट, हातभर मोठं करून पडद्यावर लावतात आणि मागे रेलून बसतात. शंभर फॉन्ट, शंभर वेळा स्वतःचं नाव. ज्यात नाव सर्वांत देखणं दिसेल तो फॉन्ट पसंत. मग टायरचं दुकान असो, पाळणाघर असो की अंत्यविधीचं सामान असो. वर गिऱ्हाइकाला सांगायचं, "या अक्षराला श्वास आहे." गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतं. त्याला वाटतं, आपल्याला कळत नाही हा आपलाच दोष.

एकदा एका प्लंबरचं कार्ड केलं. बारीक, राखाडी, कोपऱ्यात मुंगी बसल्यासारखं. महिन्याभराने प्लंबर परत आला. "साहेब," म्हणाला, "घरात पाणी भरतं तेव्हा लोक माझं कार्ड शोधतात. कार्ड सापडलं की चष्मा शोधतात. चष्मा सापडेपर्यंत पाणी पलंगाखाली गेलेलं असतं. जरा ठळक करून द्या की."

भावजींनी त्याच्याकडे दयाळूपणे बघितलं. "ठळक म्हणजे ओरडणं," ते म्हणाले. "तुम्हाला ओरडायचंय का?"

"हो साहेब," प्लंबर म्हणाला, "पाइप फुटल्यावर ओरडावंच लागतं."

मी फिदीफिदी हसले. आणि म्हटलं, "भावजी, बरोबर आहे त्यांचं. निदान नंबर तरी मोठा करा." झालं! सम्राट माझ्याकडे वळले. प्लंबरच्या देखत, बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या दोन माणसांच्या देखत म्हणाले, "आमच्या मेव्हणीबाई वाचतात छान. पण वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. तुझा डोळा तयार नाही गं. तू आपली ऱ्हस्व-दीर्घ बघ."

पंधरा वर्षं मी ज्या डोळ्यांवर भाकरी कमावली ते डोळे तयार नाहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिळली. पुढे हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते प्रत्येक गिऱ्हाइकासमोर वाजवायला लागले. मी काही बोलायला तोंड उघडलं की, "ती वाचते, मी बघतो." लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचे. आणि टेबलाखाली चपलेचा अंगठा दाबून धरायचे. सहा वर्षांत मी त्यांना निदान पन्नास चुका दाखवल्या असतील, आणि खरं सांगते, बडबड करत का होईना, त्यातल्या निम्म्याअधिक ते नंतर गुपचूप सुधारायचे. मी घरी गेल्यावर. श्रेय द्यायला लागू नये म्हणून.

मग ते मोठं काम आलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर नवं तीन मजली हॉस्पिटल झालं होतं. एका संस्थेचं. तिची आणखी चार हॉस्पिटलं व्हायची होती. मुख्य डॉक्टरीणबाई स्वतः ऑफिसात आल्या. उंच, केस पिकलेले, बोलणं तुटक. म्हणाल्या, "दारांवरचे नंबर, जिन्याजवळच्या पाट्या, सगळं तुम्ही करा. एकच लक्षात ठेवा. येणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला चटकन कळलं पाहिजे. हे जमलं तर पुढची चारही तुमची." ताई चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. बाई गेल्यावर ताईने माप घ्यायची टेप आणली आणि भावजींच्या खुर्चीमागून खिडकीची रुंदी मोजली. भावजी म्हणाले, "अगं, मध्ये येतेस." ताई म्हणाली, "येऊ दे." तिला एवढी खुशीत मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. भाचीने तर आपली पुस्तकं कुठल्या भिंतीला लावायची तेही ठरवून टाकलं.

सम्राटांनी पाच दिवस घेतले. पाचव्या दिवशी मला हाक मारली. पडद्यावर त्यांचं नाव. फॉन्ट नवा, कुणा कलाकाराने नुकताच केलेला. सडपातळ. प्रत्येक अक्षर कमरेत वाकलेलं, लाडिक. नाव सुरेख दिसत होतं, खोटं कशाला बोलू. भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नको, तू वाच."

शिवाय त्यांनी आणखी एक अक्कल पाजळली होती. दारावर नुसता नंबर. ‘रक्त तपासणी’, ‘प्लास्टर’ असले शब्द दारावर नकोत, ते खाली एका मोठ्या यादीत. का, तर अंकाला एकटं उभं राहू द्यायचं. डॉक्टरीणबाईंना ते चाललं, कारण खोल्यांची कामं पुढेमागे बदलणार होती.

मी नंबर मराठी आकड्यांत टाइप केले आणि प्रूफ काढलं. तळमजल्यावर एक ते नऊ, वर अकरा ते एकोणीस, त्याच्यावर एकवीस ते एकोणतीस. कागद प्रिंटरमधून बाहेर आला आणि मी जागीच थांबले. एक आणि नऊ सारखेच दिसत होते. नऊला डोक्याशी जो जास्तीचा वळसा असतो, तो या कलाकाराने नाजूकपणाच्या नादात इतका आखडून घेतला होता की नखाएवढा फुगवटा उरला होता. अकरा कुठला आणि एकोणीस कुठला, हे मला शेजारच्या आकड्यांवरून ओळखावं लागलं. आणि दारावर शेजारचा आकडा नसतो. सम्राटांना हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या नावात आकडा नाही.

आमच्याकडे रीत अशी की प्रूफ मी तपासायचं आणि खाली हिरव्या शाईने ‘पाहिले’ लिहून सही करायची. हिरव्या सहीशिवाय काही कापायला किंवा छापायला जात नाही. मी हिरवं पेन हातात घेतलं. तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात भावजी फोनवर कोणाला तरी म्हणाले, "हो हो, प्रूफ चाललंय. मेव्हणीबाई वाचतायत. बघून झालंय माझं." आणि हसले.

मी तोंड मिटलं. म्हटलं, ठीक आहे. मी वाचणारी ना? मग वाचतेच. यादी डाव्या हाताला घेतली, प्रूफ उजव्या हाताला, आणि एकेक आकडा ताडून बघितला. यादीत अकरा होतं तिथे अकराच होतं. एकोणीस होतं तिथे एकोणीसच होतं. चूक एकही नव्हती. मी ‘पाहिले’ लिहिलं आणि सही ठोकली. बरं वाटलं मला. लपवून काय करू? सहा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. होऊ दे एकदा फजिती. चारचौघांत होऊ दे. डॉक्टरीणबाई दोन खडे बोल सुनावतील, पाच-सहा पाट्या बदलून द्याव्या लागतील, आणि सम्राटांचं तोंड बघण्यासारखं होईल. एवढाच माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी अक्षरं कापणाऱ्या कारागिराचा फोन आला. हा माणूस दिवसभर मशीनवर पत्र्याची अक्षरं कापतो, त्याला फॉन्टबिंट काही कळत नाही. "बाई," म्हणाला, "हा एक आहे की नऊ? माझ्या टेबलावर दोन्हींची सरमिसळ झालीय, मला वेगळे करता येईनात."

"सरांना विचारा," मी म्हटलं.

"सरांना विचारलं तर तासभर ऐकून घ्यावं लागतं. तुमची हिरवी सही आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "प्रूफावर ठेवून बघा, मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा आणि तसेच लावा."

लोक जिला दुसरी संधी म्हणतात ती माझ्याकडे फोन करून आली होती. मी तिला पेन्सिल वापरायला सांगितलं.

हॉस्पिटल सोमवारी उघडलं. भावजी आम्हाला सगळ्यांना पाट्या दाखवायला घेऊन गेले. रिकामा व्हरांडा, पांढऱ्या भिंती, राखाडी आकडे. भाचीचा फोटो काढला, मागे आठ नंबरचं दार. सोमवार, मंगळवार तुरळक माणसं होती, जिथे तिथे कर्मचारी हाताला धरून नेत होते. मंगळवारी भावजींनी चौकातला गाळा बघून ठेवला. बुधवारी हॉस्पिटलने मोफत तपासणी ठेवली आणि चारशे माणसं आली.

साडेबाराला फोन आला. डॉक्टरीणबाईंनी एकच वाक्य सांगितलं, "दोघंही या."

पहिल्या मजल्यावर नुसता गोंधळ होता. प्रत्येक मजल्यावर पहिलं दार व्हरांड्याच्या एका टोकाला आणि शेवटचं दुसऱ्या टोकाला. माणसं चिठ्ठी हातात घेऊन या टोकावरून त्या टोकाला आणि तिथून परत अशा फेऱ्या मारत होती. रक्त द्यायचे ते प्लास्टरच्या दाराशी, पाय मोडलेले रक्ताच्या दाराशी. मध्ये एका बाकावर एक सत्तरीच्या आजी पडल्या होत्या. कपाळावर पांढरी पट्टी, पट्टीतून लाल डाग. त्यांना उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं होतं, चिठ्ठीवर अकरा नंबर. लिफ्टमधून बाहेर आल्या त्या एकोणीसच्या बाजूला. दाराकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि सकाळी आठपासून तिथेच बसून राहिल्या. एकोणीसचं दार दुपारी उघडतं. सून म्हणाली होती, "कोणाला विचारू का?" आजी म्हणाल्या होत्या, "विचारायचं कशाला, दारावर लिहिलंय की." बाराला उठायला गेल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाकाच्या कडेवर आपटल्या. भुवईला चार टाके.

त्या आजी माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या. "माझीच नजर गेलीय गं बाई आता," म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

भावजी त्या दारासमोर उभे राहिले. सवयीने मान मागे टाकली, डोळे बारीक केले. मग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथेही तसेच उभे राहिले. परत आले. मला हळूच विचारलं, "हा कुठला गं?"

मी बघितलं. मलाही सांगता येईना. मी जिन्यापासून दारं मोजत आले आणि मग म्हटलं, "एकोणीस."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्हाला बसा म्हणालं नाही कोणी. बाईंच्या टेबलावर प्रूफ होतं, खाली माझी हिरवी सही. त्यांनी भावजींना विचारलं, "हा फॉन्ट तुम्ही कशावर तपासून बघितला होता?"

"नावावर," भावजी पुटपुटले.

"कोणाच्या? हॉस्पिटलच्या?"

"माझ्या."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या क्षणाची मी सहा वर्षं वाट बघितली होती तो हाच, आणि मला तो मुळीच गोड लागला नाही. मग बाईंनी प्रूफावर बोट ठेवलं. "आणि ही सही? हे कोणी बघितलं?"

भावजी ताठ झाले. "ती फक्त वाचते," म्हणाले. "अक्षर माझं आहे."

त्यांनी मला वाचवलं, असं कोणाला वाटेल. छे! त्या माणसाला माझा बचाव वगैरे काही करायचा नव्हता. आपल्या चुकीतसुद्धा त्यांना वाटेकरी नको होता, एवढा तो गर्व. पण बाईंनी प्रूफ बाजूला सारलं आणि माझी सही कागदाखाली गेली, ती त्यांच्या त्या गर्वामुळे. मी काय केलं? मी गप्प बसले. तिसऱ्यांदा.

"संध्याकाळपर्यंत सगळे नंबर उतरवा," बाई म्हणाल्या. "मी खडूने लिहून घेते. पुढची चार हॉस्पिटलं दुसरं कोणीतरी करेल. या तुम्ही."

आम्ही आकडे उतरवले. भावजी स्टुलावर चढून उचकटत होते, मी खाली पिशवी धरून उभी होते. रस्त्याने परत येताना ते एकाही पाटीसमोर थांबले नाहीत. सरळ चालले. घरी आल्यावर समोरच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसून राहिले. चौकातल्या गाळेवाल्याला नको म्हणून कळवायचा फोन मी केला, कारण फोन मीच करते.

मग मी स्वयंपाकघरात गेले. ताई फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये मशीनवर बसली होती. बाहेर अजून लख्ख ऊन आणि तिच्या डोक्यावर बल्ब. भावजींनी तिला येताच सगळं सांगितलं होतं, दोन वाक्यांत. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाली, "तुझी हिरवी सही होती ना त्याच्यावर?"

"हो."

"मग तुला दिसलं नाही?"

नाही म्हणता आलं असतं. भावजी म्हणतच होते की मला बघता येत नाही, तेवढं एकदा कबूल केलं असतं की सुटले असते. पण ताई माझ्याकडे बघत होती. "दिसलं होतं," मी म्हटलं. "प्रूफ हातात आलं तेव्हाच. कापणाऱ्यानेही फोन करून विचारलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"ते मला चारचौघांत..." मी सुरू केलं. प्लंबरचं सांगितलं, वाचणं-बघणं सांगितलं, फोनवरचं ते हसणं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते सगळं इतकंसं वाटायला लागलं. तरी सांगत राहिले, कारण थांबले की ताई बोलणार. शेवटी म्हटलं, "एकदा तरी त्यांना कळू दे म्हटलं, त्यांना काही येत नाही ते."

ताईने हातातला कपडा मांडीवर ठेवला.

"त्यांना येत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "घरात कोणाला माहीत नाही? तुला काय वाटलं, मी तुझी कीव येऊन भांडले होते त्यांच्याशी? तुझ्यासारखं बघणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या चुका पकडायला तुला तिथे आणून बसवलं. माझ्या खोलीसाठी."

तेवढ्यात दारात एक बाई माप द्यायला येऊन उभी राहिली. ताई तिला म्हणाली, "न्हाणीघरात बदला, जरा ओलं आहे हं," आणि सुईत दोरा ओवायला लागली. त्या उजेडात तिला तो ओवता येईना. तीनदा हुकला. मी हात पुढे केला, तर ताई म्हणाली, "राहू दे. मी बघते माझं."